दोन रेणूंचा उंबरठा

आवाज न करता आत या. जानेवारी १८९१, जर्मनीतलं ब्राउनश्वाइग. एका घराच्या स्वयंपाकघरात ॲग्नेस पोकेल्स नावाची २८ वर्षांची तरुणी टेबलाशी वाकून उभी आहे. आई-वडील आजारी, घराचा सगळा भार तिच्यावर. मुलींना विद्यापीठाचं दार बंद आहे. भाऊ फ्रीडरिश पदार्थविज्ञान शिकला, म्हणून त्याची पुस्तकं ती घरी बसून वाचते. पण तुम्ही आधी तिच्या टेबलाकडे पाहा. पत्र्याचं लांबट, उथळ पात्र आहे: ७० सेंटिमीटर लांब, ५ रुंद, २ खोल. पाणी काठोकाठ भरलेलं आणि त्यावर पत्र्याचीच एक पट्टी आडवी टेकवलेली. ही पट्टी पुढे-मागे सरकवली की तिच्या एका बाजूचा पाण्याचा पृष्ठभाग हवा तेवढा कमी-जास्त करता येतो. शेजारी छोटा तराजू. त्याला टांगलेली ६ मिलिमीटर व्यासाची चकती पाण्याला टेकलेली आहे. चकती पाण्यापासून सुटायला किती वजन लागलं ते मोजलं की पृष्ठताण कळला.

अजून जवळ जा. तिनं पाण्यावर तेलाचा नुसता अंश सोडला आहे, डोळ्यांना काहीच दिसत नाही. ती पट्टी सावकाश सरकवते. जागा आकसत जाते, तरी तराजूचं माप बदलत नाही. आणि मग एका ठरावीक जागी ताण एकदम घसरू लागतो. पट्टी मागे घेतली, परत आणली, तरी पुन्हा तीच जागा. तोवर पाण्यावर सुटे सुटे पसरलेले तेलाचे रेणू तिथं येऊन एकमेकांना भिडतात आणि त्यांचा एका रेणूच्या जाडीचा सलग थर होतो, हे पुढच्या काही वर्षांत उलगडेल. १८ वर्षांची असल्यापासून ती हे करते आहे. १० जानेवारीला ती इंग्लंडमधल्या लॉर्ड रेली यांना पत्र लिहील. त्यांची पत्नी ते इंग्रजीत उतरवेल, रेली ते ‘नेचर’कडे पाठवतील आणि १२ मार्चच्या अंकात ते छापून येईल.

त्या पत्रात पेशीचा विषय कुठेच नाही. तरीही पेशीपटलाच्या शोधात निघालेल्या माणसानं पहिला मुक्काम इथंच करावा, असं माझं ठाम मत आहे. पेशीभोवतीचं हे पटल जेमतेम ५ ते १० नॅनोमीटर जाड असतं. साध्या सूक्ष्मदर्शकाला २०० नॅनोमीटरच्या खालचं काही वेगळं दाखवता येत नाही. त्यामुळे १९५०च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पटलाच्या दोन गडद रेघा स्पष्ट दिसेपर्यंत त्याची बांधणी कुणाच्याही नजरेस पडली नव्हती. तोवर जे कळलं ते आडून आडून विचारून कळलं. तसं विचारण्याची एक उत्तम रीत या पत्र्याच्या पात्रात आहे.

तिथून पुढे काही वर्षं, झुरिक. विद्यापीठात चार्ल्स अर्नेस्ट ओव्हर्टन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला आहे. त्याच्या शेजारी बसा. समोर मुळावरचा एक केस आहे, म्हणजे एकच लांबट पेशी. साखरेच्या दाट द्रावणात तिच्यातलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि जीवद्रव्य भित्तिकेपासून सुटून आतल्या आत आकसतं. हेच परासरण. बेदाणे पाण्यात टाकून शाळेत आपण याची उलटी बाजू पाहिलेली असते. आता साखरेच्या जागी अल्कोहोल. पेशी आकसत नाही. अल्कोहोल थेट आत शिरलं, आत-बाहेर सारखंच झालं, मग पाणी बाहेर पडायला कारणच उरलं नाही. कसोटी इतकी साधी: पेशी आकसली तर पदार्थ बाहेर अडला, नाही आकसली तर आत गेला. ओव्हर्टननं असे सुमारे ५०० पदार्थ एकेक करून पेशीपुढे ठेवले. जे तेलात सहज विरघळतात ते सरसर आत जातात आणि जे केवळ पाण्याचे सोबती ते बाहेर थांबतात. त्यावरून त्यानं निष्कर्ष काढला की पेशीची सीमा मेदाची, म्हणजे कोलेस्टेरॉल आणि लेसिथिनसारख्या पदार्थांची असावी. पटल कुणी पाहिलेलं नाही, आणि ते कशाचं आहे हे मात्र कळलं!

एक काटा तेवढा राहिला. पाणी काही तेलात विरघळत नाही, तरी कित्येक पेशींत ते झपाट्यानं ये-जा करतं. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

आता लायडन, नेदरलँड्स. साल १९२५. एव्हर्ट गोर्टर हा बालरोगतज्ज्ञ आणि त्याचा सहकारी ग्रेंडेल यांच्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने ठेवलेले आहेत: कुत्रा, मेंढी, ससा, गिनीपिग, शेळी आणि माणूस. या दोघांनी तांबड्या रक्तपेशी का निवडल्या हे समजलं की पुढचं सगळं समजतं. सस्तन प्राण्यांच्या परिपक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, आतली दुसरी पटलंही नसतात. म्हणजे या पेशीतून जेवढा मेद निघेल तेवढा सगळा बाहेरच्या पटलाचाच. मला या प्रयोगातला सर्वांत हुशारीचा भाग हा वाटतो. बाकीचं कष्टाचं काम.

ते कष्ट शेजारी उभं राहून पाहा. पेशी मिठाच्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धुतल्या जातात, कारण रक्तद्रवातला मेद चिकटून राहिला तर हिशेब बिघडेल. मग ॲसिटोन घालून मेद काढायचा. ॲसिटोन उडून गेला की तळाशी जे उरतं ते बेंझिनमध्ये विरघळवायचं आणि त्याचे थेंब पाण्यानं भरलेल्या पात्रावर सोडायचे. हे पात्र तुम्हाला ओळखीचं वाटेल. अमेरिकेत अर्व्हिंग लँगम्यूरनं ते १९१७ मध्ये अधिक अचूक करून घेतलं, पण मूळ बेत ब्राउनश्वाइगचाच: काठोकाठ पाणी, आडवी पट्टी आणि ताणाचं माप. बेंझिन उडून जातं, मेद एका रेणूच्या जाडीनं पसरतो. पट्टी सरकवत आणून त्याचं क्षेत्रफळ काढायचं. दुसरीकडे नमुन्यातल्या पेशी मोजायच्या, एका पेशीचा पृष्ठभाग किती ते ठरवायचं आणि दोन आकडे शेजारी मांडायचे.

एका प्राण्यामागून दुसरा प्राणी, उत्तर तेच येतं: मेदाचं क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या जवळपास दुप्पट. म्हणजे पेशीवर मेदाचे दोन थर आहेत. आणि मेदाच्या रेणूची घडण पाहिली तर ते तसंच असायला हवं. या रेणूचं डोकं पाण्याला जवळ करतं आणि दोन लांब शेपट्या पाण्यापासून दूर पळतात. पेशीच्या बाहेर पाणी, आतही पाणी. मग वरच्या थराची डोकी बाहेर, खालच्या थराची डोकी आत आणि सगळ्या शेपट्या मधे, एकमेकींच्या आसऱ्याला.

या प्रयोगात दोन चुका होत्या, त्याही मोठ्या. ॲसिटोननं सगळा मेद बाहेर येत नाही, बराचसा मागे राहतो. आणि पेशींचा पृष्ठभाग त्यांनी कमी धरला: माणसाच्या तांबड्या पेशीसाठी त्यांचा आकडा १०० चौरस मायक्रोमीटरच्या आत होता, प्रत्यक्षात तो १४०च्या आसपास असतो. मेद कमी, पृष्ठभागही कमी; दोन्ही चुकांनी एकमेकींना खोडलं आणि गुणोत्तर २ आलं. काही जण याला नशीब म्हणून सोडून देतात. मला ते पटत नाही. कोणती पेशी घ्यायची आणि कोणत्या दोन गोष्टींची तुलना करायची हे त्यांनी अचूक ठरवलं होतं, आणि ज्याला दुरुस्ती करायची त्याला ती करता येईल इतकं सगळं उघड मांडलं होतं. चाळीसेक वर्षांनी तो प्रयोग पुन्हा केला गेला, आकडे सुधारले, दुहेरी थर टिकला.

नुसत्या मेदाच्या दुहेरी थराची पेशी मात्र जगणार नाही. मीठ, साखर, अमिनो आम्लं यांतलं काहीच त्यातून पुरेसं आत-बाहेर जाणार नाही. त्यासाठी डेन्मार्कमध्ये चला. ऑर्हूस, १९५०च्या दशकाचा मध्य. येन्स स्को हा डॉक्टर खेकड्यांच्या पायांतल्या नसा काढतो आहे. भूल देणारी औषधं नसांवर कसं काम करतात या प्रश्नातून तो इथवर आला. नसा कुटून त्यातले पटलाचे तुकडे त्यानं वेगळे केले आहेत. ते नळीत घालून वर एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, घालायचं आणि ते किती फुटतं ते मोजायचं. तुम्ही त्याच्या खांद्यावरून पाहा. नुसतं मॅग्नेशिअम असलं की एटीपी थोडंच फुटतं. सोडिअम घातलं, किंचित वाढ. आता सोडिअम असतानाच पोटॅशिअम घातलं, आणि आकडा झपकन वर जातो. इंधन जाळायला ज्याला दोन्ही क्षार एकदम लागतात असं हे विकर आहे. स्कोनं ते १९५७ मध्ये छापलं, आणि पुढे स्पष्ट होत गेलं की पटलातला सोडिअम-पोटॅशिअम पंप तो हाच. एटीपीचा एक रेणू खर्चून तो ३ सोडिअम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशिअम आत घेतो, दोन्ही उताराच्या उलट दिशेनं, म्हणजे कमी असलेल्या बाजूकडून जास्त असलेल्या बाजूकडे. आत्ता तुम्ही वाचत बसला आहात तरी तुमच्या शरीरातल्या ऊर्जेचा मोठा वाटा या एकाच कामावर खर्च होतो आहे. पेशीत सोडिअम सतत कमी राहतं ते त्यामुळे. स्कोला नोबेल मिळालं १९९७ मध्ये.

पंप आहे, म्हणजे पटलात प्रथिनं आहेत. पण ती कशी बसलेली असतात? १९७०, अमेरिकेतलं बाल्टिमोर, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ. फ्राय आणि एडिडिन यांनी माणसाची पेशी आणि उंदराची पेशी सेंडाई विषाणू वापरून एकमेकींत जोडली आहे. एकीच्या प्रथिनांना हिरवा चमकणारा रंग लावला आहे, दुसरीच्या प्रथिनांना लाल. सुरुवातीला अर्धी पेशी हिरवी, अर्धी लाल. तापमान ३७ अंश. ४० मिनिटं थांबा. दोन्ही रंग पेशीभर मिसळलेले आहेत. पेशी थंड ठेवली असती तर ते मिसळलेच नसते. म्हणजे हे पटल वाहतं आहे. मेदाच्या थरात प्रथिनं सरकत राहतात, मेदाचे रेणू तर सेकंदाला कैक लाख वेळा शेजाऱ्याशी जागा बदलतात. वरच्या थरातला रेणू खालच्या थरात जाणं मात्र विरळा, कारण त्यासाठी पाणीप्रेमी डोकं तेलकट शेपट्यांमधून न्यावं लागतं. १९७२ मध्ये सिंगर आणि निकलसन यांनी हे सगळं एका चित्रात बसवलं. महाविद्यालयात आपण ‘द्रव-मोझॅक प्रतिमान’ म्हणून जी आकृती काढतो ती त्यांची.

ग्योटिंगेनमध्ये, १९७६च्या सुमारास, नेहर आणि झाकमन यांनी बारीक काचनळीचं टोक पटलाला टेकवून एकेका वाहिनीतून, म्हणजे पटलातल्या प्रथिनाच्या बारीक वाटेतून, जाणारा विजेचा प्रवाह मोजला. नोंदीच्या कागदावरची रेघ पायरीसारखी वर जाते आणि खाली येते: वाहिनी उघडली, बंद झाली. तिथं पाच मिनिटं थांबा आणि पुन्हा बाल्टिमोरला या, कारण पाण्याचा काटा अजून निघायचा आहे.

१९९१. पीटर आग्रे यांची प्रयोगशाळा. ते रक्तगटाच्या आरएच प्रथिनावर काम करत होते आणि नमुन्यात एक भलतंच प्रथिन पुन्हा पुन्हा सापडत होतं. तांबड्या पेशीत भरपूर, मूत्रपिंडात भरपूर, काम ठाऊक नाही. ही पाण्याची वाट असेल का, असं त्यांना सुचवलं ते जॉन पार्कर या रक्तविकारतज्ज्ञानं. म्हणून समोरच्या बशीत आफ्रिकेतल्या नखवाल्या बेडकाची अंडी आहेत. ती निवडली कारण ती मुळात पाणी फारसं आत घेत नाहीत, तळ्यात राहूनही फुगत नाहीत. काही अंड्यांत त्या प्रथिनाचा संदेश देणारा आरएनए टोचला आहे, काहींत नाही. आता ती फिकट, जवळजवळ गोड्या पाण्यात सोडतात. डोळा हलवू नका. साधी अंडी जशीच्या तशी. टोचलेलं अंडं फुगतंय, अजून फुगतंय, आणि तीनेक मिनिटांत फुटतं, आतलं सगळं पाण्यात पसरतं. या वाहिनीला पुढे ‘ॲक्वापोरिन’ म्हणू लागले. तिच्यातून पाण्याचे रेणू एकापाठोपाठ एक, सेकंदाला अब्जांच्या संख्येनं जातात, आणि हायड्रोजनचा आयन मात्र एकही जाऊ दिला जात नाही. मूत्रपिंडं रोज सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि आपल्याला दीड-दोन लिटरच लघवी होते. बाकीचं पाणी परत घेण्याच्या कामात या वाहिन्यांचा मोठा वाटा आहे.

शोधाची गोष्ट इथं थांबवता आली असती. पण मला तुम्हाला मागे न्यायचं आहे, कारण पटलाच्या या सगळ्या अभ्यासाचं मोल जिथं दिसलं ती जागा आपल्याच देशात आहे.

आधी प्राग, ऑगस्ट १९६०. एका परिषदेत रॉबर्ट क्रेन हा अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ आतड्याच्या पेशीची आकृती काढून सांगतो आहे: ग्लुकोज आतड्यातून पेशीत जातं ते सोडिअमला सोबत घेऊन. बँकेचा लॉकर दोन किल्ल्या एकदम लागल्याशिवाय उघडत नाही, तसं हे प्रथिन सोडिअम आणि ग्लुकोज दोन्ही आल्याशिवाय आतल्या बाजूला वळत नाही. ओढणारी शक्ती कुठून येते? स्कोचा पंप पेशीतलं सोडिअम सतत उपसत असतो, म्हणून बाहेरचं सोडिअम आत घुसू पाहतं आणि जाताना ग्लुकोजला घेऊन जातं. आणि मीठ-साखर ज्या बाजूला जाते, पाणी त्या बाजूला जातं.

आता बनगाव, पश्चिम बंगाल. १९७१चा पावसाळा. पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित सीमा ओलांडून आलेले आहेत आणि छावण्यांत कॉलरा पसरला आहे. इस्पितळाच्या दारातच तुम्हाला वास येतो. दोन खोल्या, खाटा कधीच भरलेल्या, माणसं जमिनीवर आडवी. जुलाब आणि उलट्यांनी जमीन ओली आहे आणि सलाइन लावायचं तर त्यातच गुडघे टेकावे लागतात. ३६ वर्षांचे डॉ. दिलीप महालनबीस तसेच बसले आहेत. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या आहेत, सुई लावता येणारे हातही पुरत नाहीत.

कॉलऱ्यात आतड्याच्या पेशी मरत नाहीत. जंतूचं विष, जे १९५९ मध्ये कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी दाखवून दिलं, ते पेशींच्या पटलातली क्लोराइडची वाट उघडी ठेवतं. क्लोराइड आतड्यात वाहतं, मागोमाग सोडिअम आणि पाणी, तासातासाला लिटरच्या हिशेबानं. पण त्याच पटलातली सोडिअम-ग्लुकोजची जोडवाट शाबूत असते. विष तिला हात लावत नाही. म्हणजे नुसतं पाणी पाजलं तर ते बाहेर पडेल, नुसतं मीठ दिलं तर तेही. पण मीठ आणि साखर योग्य प्रमाणात एकत्र दिलं तर त्या वाटेनं ते आत जाईल आणि पाण्याला घेऊन जाईल. ढाक्यात नॅलिन आणि कॅश यांनी १९६८ मध्ये रुग्णांवर हे दाखवलं होतं, पण इस्पितळात, प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखाली. ते रुग्णांच्या नातेवाइकांच्या हातात द्यायला कुणी धजावत नव्हतं.

महालनबीसांनी दिलं. कलकत्त्यातल्या त्यांच्या संशोधन केंद्रात पाकिटं तयार झाली. एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. प्लास्टिकच्या पिशव्या गरम इस्त्रीनं चिकटवलेल्या. साहित्याचा खर्च लिटरला ११ पैसे. बनगावात ती पाकिटं नळ असलेल्या पिंपांमधल्या पाण्यात मिसळली. पाहा, एक आई पेला भरून घेते आहे. मुलगा उलटी करतो. ती थांबते, पुन्हा घोट देते. डॉक्टर शेजारी नाही, सुई नाही. दिवसभर हेच चाललं आहे, शेकडो हातांनी. दोन महिन्यांत ३,७०० च्या आसपास रुग्ण त्या वॉर्डात आले, त्यांतले ३.६ टक्के दगावले. त्याआधी छावण्यांत हे प्रमाण २० ते ३० टक्के होतं.

१९७८ मध्ये ‘द लॅन्सेट’नं लिहिलं की सोडिअम आणि ग्लुकोज एकत्र शोषले जातात हा शोध विसाव्या शतकातली सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती ठरू शकतो. महालनबीस २०२२ मध्ये गेले. पद्मविभूषण त्यांना २०२३ मध्ये, मरणोत्तर मिळालं. हयातीत त्यांचं नाव घरोघर पोचायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

आता तुमच्या घरात परत या. जुलाब होत असले की पाणी बंद करायची पद्धत अजून पुष्कळ घरांत आहे; ती आजच सोडा. ओआरएसचं, म्हणजे मीठ-साखरेच्या अशाच मिश्रणाचं, पाकीट औषधांच्या डब्यात ठेवा आणि त्यावर लिहिलेल्या मापाच्या उकळून गार केलेल्या पाण्यातच ते मिसळा. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. साखर वाढवू नका, ती उलट पाणी आतड्यात ओढते. शीतपेय हा त्याला पर्याय नाही. मूल उलटी करत असेल तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्यानं द्या. आणि ते मलूल पडलं, लघवी बंद झाली किंवा शौचातून रक्त दिसलं, तर वाट न पाहता दवाखाना गाठा.